एक डावा पाय आणि तीन रचना

प्रति,
मा. संचालक (रचना व पुनर्रचना),
कृत्रिम अवयव सेवा, मुख्य कार्यालय,
दुसरा मजला (दारावर पाटी नसल्यास जिन्याला लागून दुसरी खोली, दारही नसल्यास आत डोकावून विचारणे).

विषय : केंद्रात आजवर राबवलेल्या तीन रचनांचे फायदे-तोटे सादर करणेबाबत, तसेच एक डावा पाय जमा करून न घेणेबाबत.

संदर्भ : १) आपले परिपत्रक, ज्यात चौथी रचना ठरवण्यापूर्वी सर्वांचे मत मागवले आहे.
२) अर्जदारास मिळालेली कारणे दाखवा नोटीस, जिच्यावर इतर एकवीस जणांबरोबर स्वतः अर्जदाराचीही सही आहे.

महोदय,

१. पहिल्या संदर्भाने आपण पंधरा दिवसांत तुलनात्मक अहवाल मागितला आहे. दुसऱ्या संदर्भाने केंद्राने अर्जदाराकडून पंधरा दिवसांतच खुलासा मागितला आहे. आज दोन्हींचा चौदावा दिवस. दोन्हींचे उत्तर एकच आहे आणि कोऱ्या कागदांचा नवा गठ्ठा फोडायचा तर हल्ली बैठक बोलवावी लागते, म्हणून अर्जदार दोन्ही कामे याच एका अर्जात उरकत आहे. त्याबद्दल आगाऊ क्षमा असावी.

२. अर्जदार केंद्राच्या तळमजल्यावर साचे विभागात सव्वीस वर्षे काम करतो. ज्याचा पाय अर्ध्यात संपला आहे त्याच्या उरलेल्या पायावर ओले प्लास्टर गुंडाळायचे, ते वाळले की अलगद काढायचे, त्यावरून साचा करायचा आणि साच्यावरून वाटी. वाटी म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो तो भाग. वाटीखाली नळी, नळीखाली रबराचे पाऊल, वर एक पट्टा. झाला पाय. सगळे अर्जदाराला 'मास्तर' म्हणतात. पण नोकरीच्या पहिल्याच दिवशी तेव्हाच्या हेडक्लार्कने त्याला बजावले होते की कार्यालयीन कागदात 'मी' लिहिणारा माणूस इथे फार दिवस टिकत नाही. त्यामुळे कागदावर तो 'अर्जदार' आहे, आणि अजून टिकून आहे.

३. आता ज्या मुलीमुळे हा सगळा कागदांचा पसारा झाला तिची ओळख करून देणे भाग आहे. मुलीचा डावा पाय जन्मापासूनच गुडघ्याखाली वीतभर आहे. केंद्रात तिला 'चौकशी' म्हणतात. आमच्याकडे एका खिडकीवर तशी पाटी आहे, तिच्यामागे कोणी बसलेले अर्जदाराने सव्वीस वर्षांत पाहिले नाही. त्या खिडकीखालच्या बाकावर ही मुलगी कुबडी टेकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला प्रश्न विचारते. हे काय नेताय? का नेताय? काल का नाही नेलंत? तिची आई बसमध्ये कंडक्टर आहे. बापाचा विषय आईने कधी काढला नाही, म्हणून अर्जदारानेही काढला नाही. मुलीचा पहिला पाय अर्जदारानेच केला होता, ती सहा वर्षांची असताना. नवव्या वर्षी तो आखूड पडला आणि आईने नव्या पायासाठी अर्ज भरला. मुलगी आज अकरा वर्षांची आहे. मधल्या काळात केंद्राने तीन रचना केल्या आणि पाय एकही दिला नाही, असे कोणी म्हणेल. ते खोटे आहे. केंद्राने पाय केले, फक्त ते मुलीला होत नव्हते.

४. आमच्याकडे एक नियम आहे : वाढत्या वयाच्या लाभार्थीची मापे नव्वद दिवसांनी बाद समजावीत. अर्जदाराच्या मते केंद्राच्या नियमपुस्तकात हा एकच नियम असा आहे की तो लिहिणाऱ्याने कधीतरी लहान मूल प्रत्यक्ष पाहिले असावे. पुढचे सगळे समजायला तेवढा लक्षात ठेवला तरी पुरे.

५. पहिली रचना : शिडी. या रचनेत मुख्य अधीक्षक सर्वांत वर, अर्जदार सर्वांत खाली आणि मध्ये पाच पायऱ्या. फायदे पुष्कळ. कोणाला पाहून उभे राहायचे आणि कोणाला पाहून नुसती मान हलवायची हे दुसऱ्या दिवशीच कळते. चहा कोणाच्या टेबलावर आधी ठेवायचा यावरून भांडणे होत नाहीत. वरून निघालेला ओरडा प्रत्येक पायरीवर थोडा थोडा वाढत खाली येतो आणि तळमजल्याखाली कोणी नसल्याने अर्जदारापाशी थांबतो. अर्जदार तो प्लास्टरच्या बादलीत ढवळून टाकतो. माणसाला आपली जागा माहीत असली की झोप बरी लागते, हे अर्जदार अनुभवाने सांगतो.

तोटा एकच. मुलीचे माप घेतले तेव्हा ते गुडघ्यापासून जमिनीपर्यंत साडेछत्तीस सेंटिमीटर भरले. कागद वर निघाला. चौथ्या पायरीवरचे उपअधीक्षक त्याच आठवड्यात निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी कोणी आले नाही. आता साहेब नसले तरी साहेबांची पायरी होतीच, आणि कागदाला ती ओलांडून उडी मारता येत नाही. शिपाई रोज सकाळी मुलीचा कागद त्या रिकाम्या टेबलावर नेऊन ठेवायचा आणि रोज संध्याकाळी 'साहेब नाहीत' म्हणून परत आणायचा. असे एक्केचाळीस दिवस चालले. कोणाला त्यात काही चुकते आहे असे वाटले नाही, कारण शिपाई वेळेवर येत होता.

मंजुरी आली ती एकशेचाराव्या दिवशी. तोवर मुलगी बोटभर वाढली होती. मंजुरी जुन्या मापाला आणि नियमाने जुने माप बाद. अर्जदाराने विचारले, आता काय करू? वरून उत्तर आले की मंजूर मापाचा पाय मंजुरीप्रमाणे करावा आणि नवीन माप नव्याने मंजुरीस पाठवावे. अर्जदाराने पाय केला. कागदाशी ताडून पाहिला तर तंतोतंत होता. मुलीला घातला तर ती एका बाजूला कलली. 'लाभार्थी वाढल्याने अयोग्य' अशी चिठ्ठी बांधून तो भांडारात ठेवला आहे.

त्या दिवशी मुलीची आई अर्जदाराला एवढेच म्हणाली, "मास्तर, माझ्या बसवर दोन माणसं, मी आणि ड्रायव्हर. मी एक घंटी मारली की तो थांबतो, दोन मारल्या की निघतो. अठरा वर्षं झाली, आम्ही एकमेकांचं तोंडसुद्धा नीट बघितलेलं नाही. पण बस कधी अडली नाही." ही रचना आपल्या परिपत्रकात नसल्यामुळे अर्जदार तिची तुलना करू शकत नाही.

६. दुसरी रचना : जाळी. शिडीत दोष आहे हे मुख्य कार्यालयाच्या ध्यानात आले आणि एक सल्लागार आले. त्यांच्याकडे सहा रंगांची पेने होती. त्यांनी पांढऱ्या फळ्यावर काही रेघा उभ्या मारल्या, काही आडव्या मारल्या आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे एकेका कर्मचाऱ्याचा ठिपका काढला. अर्जदाराचा ठिपका हिरवा होता. सल्लागार म्हणाले की यापुढे प्रत्येकाला दोन साहेब असतील, एक उभा आणि एक आडवा. उभे साहेब म्हणजे तंत्रप्रमुख, ते काम कसे करायचे ते सांगतील. आडवे साहेब म्हणजे सेवाप्रमुख, ते कोणासाठी आणि कधी करायचे ते सांगतील. ऐकायला छानच वाटले. टाळ्यासुद्धा झाल्या.

फायदे खरोखर होते, अर्जदार ते नाकारत नाही. एका साहेबाने झापले की दुसऱ्याचे नाव सांगता येते. रजेचा अर्ज दोन्हीकडे टाकला की एकीकडून तरी मंजूर होतो. दोन्ही साहेब एकमेकांशी बोलत नसत, त्यामुळे वातावरण शांत असे. मुख्य म्हणजे कागद आता रिकाम्या टेबलावर अडकत नव्हता. तो एका भरलेल्या टेबलावरून दुसऱ्या भरलेल्या टेबलावर जायचा आणि परत यायचा.

तोट्याचे सांगायचे तर, मुलीचे माप कोणाच्या अखत्यारीत, यावर दोन्ही साहेबांचे वाजले. शेवटी तोडगा निघाला. लांबीचा संबंध लाभार्थीच्या उंचीशी, म्हणून लांबी सेवाप्रमुखांकडे. घेराचा संबंध वाटीशी आणि वाटी हे तंत्र, म्हणून घेर तंत्रप्रमुखांकडे. महोदय, एका पायाची दोघांत अशी वाटणी अर्जदाराने उभ्या जन्मात पाहिली नव्हती. सेवाप्रमुखांनी नवीन लांबी मंजूर केली. तंत्रप्रमुख म्हणाले की माझ्याकडे घेराला पूर्वीचीच मंजुरी पडली आहे, ती मी का बदलू? अर्जदाराने दोन्ही साहेबांना हात जोडून सांगितले की ही मुलगी एकच आहे. दोघांनीही हे मान्य केले, वेगवेगळ्या दिवशी.

पाय झाला. लांबी नव्या वर्षाची, वाटी जुन्या वर्षाची. मुलीने वाटीत पाय घालायचा प्रयत्न केला, तो वरच अडला. ती बाकावर बसली, पाय उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "मास्तरकाका, हा वरून गेल्या वर्षीचा आहे आणि खालून यंदाचा. मग मी कुठल्या वर्षी चालू?"

अर्जदाराने हा प्रश्न जसाच्या तसा दोन्ही प्रमुखांकडे लेखी पाठवला. सेवाप्रमुखांनी 'तांत्रिक बाब' असा शेरा मारला. तंत्रप्रमुखांनी 'सेवाविषयक बाब' असा मारला. मुलीने पुढच्या खेपेला विचारले की उत्तर आले का. अर्जदाराने हो म्हटले आणि तिला दोन्ही शेरे दाखवले. ती दोन्ही वाचून झाल्यावर म्हणाली की यांचं अक्षर चांगलं आहे.

७. तिसरी रचना : वर्तुळ. ही सध्या चालू आहे. यात साहेबच नाहीत. एका सोमवारी सुतार आला आणि त्याने सगळ्या खोल्यांची दारे बिजागरीपासून काढून गच्चीवर नेऊन ठेवली. नावांच्या पाट्या एका पोत्यात गेल्या. टेबले गोल मांडली. यापुढे कोणी कोणाला साहेब म्हणायचे नाही, सगळे 'सहकारी', सगळे निर्णय सर्वसहमतीने. पूर्वीचे मुख्य अधीक्षक आता खिडकीजवळ बसतात आणि जो जाईल त्याला "तुम्हाला काय वाटतं?" असे विचारतात. माणूस मूळचा वाईट नव्हता, हे या रचनेमुळे कळले. हा फायदा क्रमांक एक.

फायदा क्रमांक दोन असा की एकोणीस वर्षे फाटकावर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला पहिल्यांदा बैठकीत खुर्ची मिळाली. त्याला मत विचारले तेव्हा तो म्हणाला, "ती पोर बाहेर बसलीय. तिला आत बोलवा आणि मोजा, संपलं." मग इतिवृत्तात 'एक सूचना आली' असे लिहून घेण्यात आले आणि पुढचा विषय घेतला.

पुढचा विषय मुलीच्या पायाची लांबी हा होता. अर्जदाराने नुकतेच घेतलेले माप वाचून दाखवले : एकोणचाळीस पूर्णांक एक. सहकारी म्हणाले की हे एका सहकाऱ्याचे मत झाले. भांडारपाल सहकाऱ्याचे मत चाळीस, कारण भांडारातल्या नळ्या तेवढ्या मापाला बऱ्या पडतात. टंकलेखक सहकाऱ्याला मुलगी अंगाने बारीक वाटली, तिने अडतीस सुचवले. बरीच भवति न भवति झाली. शेवटी मधला मार्ग म्हणून एकोणचाळीस ठरले, आणि अर्जदाराला भरून आले, कारण खऱ्या मापापासून हे केवळ एक मिलिमीटर दूर होते. पण कोणीतरी म्हणाले की मास्तर नाराज दिसतात, त्यांच्या मताचाही मान राखला पाहिजे. म्हणून अर्जदाराला वाईट वाटू नये यासाठी अर्धा सेंटिमीटर वाढवून साडेएकोणचाळीस करण्यात आले. टाळ्या.

मग पाऊल डावे की उजवे हा विषय आला. वास्तविक तो मुलीने जन्मतःच मिटवला होता. पण दोन सहकाऱ्यांना असे ठाम वाटले की घाईने काही ठरवू नये, उपस्थितीही कमी आहे. तेव्हा दोन्ही मागवावीत आणि विषय पुढील बैठकीत घ्यावा, असे ठरले. दोन्ही पावले आली. आता मंजुरीवर शिक्का हवा. शिक्का कोणा एकाचा नको म्हणून तो वर्तुळाच्या मधोमध एका स्टुलावर ठेवला आहे. तो सगळ्यांचा आहे, त्यामुळे त्याला हात लावायची कोणाची छाती होत नाही. त्याच्यावर धूळ बसली आहे. ती कोणी पुसायची यावरही मत मागवले आहे.

८. आता आपल्या परिपत्रकातल्या मूळ प्रश्नाकडे. तिन्हींत बरी कोणती? अर्जदाराने प्रामाणिकपणे विचार केला आहे. शिडीत पायाला नाही म्हणणारा माणूस सापडत होता, त्याच्या दारात जाऊन बसता येत होते. जाळीत दोघे सापडत होते, दोघेही बोट दुसऱ्याकडे दाखवत. वर्तुळात नाही कोणीच म्हणत नाही, सगळे अगदी मनापासून हो म्हणतात आणि घरी जातात. माणसाच्या मनाला तिसरी सगळ्यांत गोड लागते. मुलीच्या बाबतीत तिन्ही एकाच मापाच्या निघाल्या. दोन वर्षांत तिच्या आईची हक्काची रजा संपली, मग बिनहक्काची संपली. मुलगी शाळेत सुट्टीच्या तासाला वर्गातच बसून राहू लागली, कारण कुबडीने काखेत फोड आले होते. तिने प्रश्न विचारणे कमी केले. एक दिवस ती पूर्ण दुपार बाकावर बसली आणि तिने एकालाही काही विचारले नाही. त्या दिवशी अर्जदाराला राग आला, महोदय. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा असा आला की प्लास्टर कालवता येईना.

९. म्हणून अर्जदाराने जे केले ते आता लिहून देतो, कारण नोटिशीत तेच विचारले आहे. लागोपाठ दोन सुट्ट्या आल्या. अर्जदाराने पहारेकऱ्याला सांगितले की मी उद्या येणार आहे. पहारेकरी म्हणाला, "मला काही सांगू नका. मी चहाला जातो तेव्हा फाटक उघडंच असतं." सकाळी मुलगी आणि तिची आई आल्या. शिडीच्या काळात केलेल्या पायाचा पट्टा चांगला होता, तो काढला. जाळीच्या पायाची नळी घेतली आणि जोडाचा भाग बसवून लांबी नेमकी केली. वर्तुळाने मागवलेल्या दोन पावलांपैकी डावे घेतले. म्हणजे या पायात तिन्ही रचनांचा हातभार आहे, ही गोष्ट आपल्या अहवालात ठळक घालायला अर्जदाराची हरकत नाही. वाटी मात्र नवीन केली.

त्या दोन दिवसांत केंद्रात जी रचना होती तिचे वर्णन असे : एक अर्जदार, एक मुलगी, एक कानस, एक प्लास्टरची बादली आणि खिडकीत डबा घेऊन बसलेली एक कंडक्टर. कामाची पद्धत अशी की मुलगी वाटीत पाय घालायची, उभी राहायची आणि बोट ठेवून म्हणायची, "इथं दुखतंय." अर्जदार तिथे कानस मारायचा. ती पुन्हा घालायची, "आता इथं." पुन्हा कानस. असे किती वेळा झाले ते मोजले नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिने पाय घातला, उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. अर्जदाराला वाटले की फार दुखत असेल. ती म्हणाली, "काका, कुठेच नाही दुखत. आता काय सांगू?"

या रचनेचा फायदा : ज्याचे दुखते तोच सांगतो आणि ज्याच्या हातात कानस आहे तोच ऐकतो. तोटा : ती नियमात बसत नाही.

१०. हे प्रकरण उघड कसे झाले, असे आपण विचाराल. लपवलेच नव्हते. पहिल्याच कामाच्या दिवशी मुलगी कुबडीशिवाय केंद्रात आली आणि वर्तुळातल्या प्रत्येक टेबलापाशी जाऊन तिने विचारले, "माझं कसं चाललंय?" सगळे उठून उभे राहिले. टंकलेखक सहकाऱ्याने तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवला. भांडारपालांनी चष्मा काढून डोळे पुसले, अर्जदाराने स्वतः पाहिले. ही त्या दिवशीची सकाळ. दुपारी तीनच्या बैठकीत एकाने सहज विचारले की हा पाय कोणत्या मंजुरीने झाला? भांडारपालांनी साठा तपासला. एक पट्टा, एक नळी, एक डावे पाऊल कमी. साडेचारपर्यंत नोटीस तयार होती : अनधिकृत निर्मिती, कारणे दाखवावीत, पाय भांडारात जमा व्हावा. ज्यांनी सकाळी डोळे पुसले त्यांनीच दुपारी ती लिहिली. त्यात कोणाचा दुष्टावा नव्हता. दुष्टावा असता तर निदान कोणाशी भांडता तरी आले असते.

आता नोटीस काढायची तरी सर्वसहमती हवी. एकवीस सह्या झाल्या आणि एक राहिली, ती अर्जदाराची. घरी जायची वेळ झाली होती, सगळे पिशव्या हातात घेऊन उभे होते. एक सहकारी फार मायेने म्हणाला, "मास्तर, तुमच्यामुळे सगळ्यांचा खोळंबा व्हायला नको." अर्जदाराने सही केली. आपल्याच विरुद्धच्या नोटिशीवर सही करणारा हा केंद्रातला पहिलाच कर्मचारी असावा. खुलासाही सर्वांना द्यायचा असल्याने अर्जदाराने या अर्जाची एक प्रत स्वतःलाही दिली आहे. ती वाचून त्याचे स्वतःचे समाधान झाले, असे अर्जदार कळवतो.

११. पाय जमा करण्याबाबत. मुलीच्या घरी जाऊन पाय काढून आणणे आपल्याला जमणार नाही, असे अर्जदाराने बैठकीत स्पष्ट सांगितले. त्याबद्दल जी शिक्षा असेल ती त्याला मान्य आहे. बदली असो, बढती रोखणे असो, वर्तुळाबाहेर उभे करणे असो. शिक्षा नेमकी कोण देणार एवढे ठरले की अर्जदार तिथे हजर होईल. अर्जदार मागे हटल्यावर ते काम भांडारपालांकडे आले. गेल्या बुधवारी ते पावतीपुस्तक आणि एक कापडी पिशवी घेऊन मुलीच्या घरी गेले. पुढचे त्यांनीच परत आल्यावर अर्जदाराला सांगितले, नोंदीत एकच ओळ आहे.

घरी मुलीची आई नुकतीच कामावरून आली होती, अंगावर गणवेशच होता. तिने भांडारपालांना खुर्ची दिली, पाणी दिले. त्यांनी पावतीपुस्तक गुडघ्यावर ठेवून विचारले की मुलगी कुठे आहे. आई म्हणाली, माहीत नाही. कधी येईल? तेही माहीत नाही. भांडारपाल म्हणाले, "असं कसं? तुम्हाला सांगून गेली नाही?"

तेव्हा त्या बाई खाली जमिनीवरच बसल्या. भांडारपालांना आधी कळेना की त्या हसताहेत की रडताहेत. त्या म्हणाल्या, "साहेब, अकरा वर्षांत आज पहिल्यांदा मला न सांगता बाहेर गेलीय. मी आले तर घर रिकामं. तुम्ही बसा नाहीतर जा, तुमची मर्जी. मी काही तिला शोधायला जायची नाही."

भांडारपाल तासभर बसले. मग पिशवीची घडी घालून परत आले आणि त्यांनी नोंदवहीत लिहिले : 'वस्तू जागेवर आढळली नाही.' खाली सही केली. ती सही त्यांनी कोणालाही न विचारता, एकट्याने केली आहे.

१२. तरी महोदयांस विनंती की हा शेरा अंतिम मानावा, नोटीस निकाली काढावी आणि चौथी रचना आपल्याला योग्य वाटेल ती करावी. अर्जदार तिच्यातही साचे घेईल.

आपला, अजून तरी नम्र,

(सही)
साचे विभाग, तळमजला

दिनांक : मुदतीचा चौदावा दिवस

सोबत :
१) मुलीची तीन वेळा घेतलेली मापे, तीन कागद.
२) दोन्ही प्रमुखांचे शेरे, दोन.
३) अर्जदाराची सही असलेली नोटीस, एक.
४) भांडारपालांच्या नोंदीची नक्कल, एक.
५) मुलीच्या पुढच्या पायासाठी आईने आजच भरलेला अर्ज, एक. मुलगी वाढते आहे.